भाईंचा सामना, आणि त्याआधीचे साडेचार महिने

29 ऑगस्ट 2024, गुरुवार. पहाटे साडेपाचच्या सुमारास क्लबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक ओळ आली : ‘भाई गेले.’ त्याखाली कोणीतरी विचारले, ‘खंयचे भाई?’ आमच्या गावात भाई म्हणवणारे सात-आठ जण तरी आहेत. पण उत्तर कोणीच दिले नाही. विचारणाऱ्यानेच दहा मिनिटांनी तो प्रश्न पुसून टाकला.

भाई म्हणजे आमच्या फुटबॉल क्लबाचे गोलकीपर. 1972 ते 1989 अशी सतरा वर्षे ते गोलात उभे राहिले. एका खाण कंपनीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्या काळी गोव्यातल्या आमच्या डिचोली तालुक्यात बरा खेळणाऱ्या पोराला खाणीवर नोकरी लागायची आणि मग तो पाळी संपवून तसाच मैदानावर यायचा. मी त्यांना खेळताना पाहिले ते शेवटची दोन-तीन वर्षे. माझे काम गोलामागे बसून नाल्यात गेलेला चेंडू काढायचे. निवृत्त झाल्यावरही रोज संध्याकाळी ते मैदानावर असत. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, 2018 मध्ये पुन्हा पडल्या, क्लबाच्या वर्गणीला गळती लागली, तरी फाटलेली जाळी शिवायला भाई हजर.

‘तिथे ब्रह्मानंद उभा होता म्हणून, नाहीतर आमचा भाई गोव्याच्या संघात असता,’ हे वाक्य आमच्या तिठ्यावर मी लहानपणापासून ऐकत आलो. ब्रह्मानंद संखवाळकर गोलात असताना गोव्याने 1982-83 मध्ये बंगालबरोबर संयुक्तपणे आणि 1983-84 मध्ये एकट्याने संतोष करंडक, म्हणजे राज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा, जिंकला. अशा माणसामुळे जागा हुकली म्हणण्यातही एक मान असतो. भाईंना मात्र ते पटत नसे. ‘मी तिसऱ्या नंबराकसुद्धा नसलों रे,’ म्हणायचे आणि सुईत दोरा ओवायचे.

त्यांच्या आठवणीत एक सामना आणि एक छोटे प्रदर्शन करायचे एवढेच आम्ही ठरवले होते. ते व्हायला 12 जानेवारी 2025 उजाडला. मधल्या काळात आम्ही कुठे कुठे अडलो ते लिहून ठेवतो. प्रत्येक गावात असा एखादा गोलकीपर असतोच.

पहिली अडचण चवथीची. भाई गेले गुरुवारी आणि 7 सप्टेंबरला चतुर्थी. गोव्यात चवथीच्या आधीच्या आठवड्यात माणूस गेला तर शेजाऱ्यालाही सुचत नाही की माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीचे, सामान आणावे की त्या घरी जाऊन बसावे. भाईंच्या घरी सुतक, त्यांचा गणपती काकांच्या वाड्यावर पुजला. शोकसभा लगेच घ्यावी असे तरुण मुलांचे म्हणणे होते. वयस्करांनी थांबवले, आणि बरे केले. घाईत घेतलेल्या शोकसभेत लोक घड्याळ बघतात. आम्ही ती 22 सप्टेंबरला, रविवारी, शाळेच्या सभागृहात घेतली. सत्तरएक माणसे आली. एका वक्त्याने तीनदा सरपंचांचे नाव घेतले आणि भाईंचे एकदा. असो.

त्या सभेतच एकाने फोर्तुनातो फ्रँको यांचा विषय काढला. कोलवाळचे फ्रँको, 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलेल्या भारतीय संघातले. ते 10 मे 2021 ला गेले. कोविडची दुसरी लाट, राज्यात आदल्याच दिवशी कर्फ्यू लागलेला. ‘आशियाई सोने जिंकलेल्या माणसासाठी चार माणसे जमू शकली नाहीत. आता जमता येते तर जमूया की,’ असे तो म्हणाला. तिथल्या तिथे पाच जणांची समिती झाली. मी बँकेत नोकरीला, म्हणून हिशेब आणि कागदपत्रे माझ्या गळ्यात.

सगळ्यात आधी घरच्यांची परवानगी घ्या. आम्ही पोस्टर करून मग विचारायला गेलो असतो तर पंचाईत झाली असती. वहिनींनी, म्हणजे भाईंच्या पत्नीने, सगळे ऐकून घेतले आणि दोनच अटी घातल्या : मंचावर पुढाऱ्यांच्या खुर्च्या नकोत आणि घरातला एकही फोटो घराबाहेर न्यायचा नाही. दुसरी अट ऐकून मी मनात वैतागलो. पण खरे तर तीच योग्य. क्लबाचा 1985 चा चषकासह फोटो असाच कोणी ‘कॉपी काढून देतो’ म्हणून नेला, तो आजवर परतलेला नाही. आम्ही दोन संध्याकाळी त्यांच्या ओसरीवरच खिडकीजवळ टेबल टाकून मोबाइलने फोटो घेतले. ऊन थेट पडू द्यायचे नाही, नाहीतर जुन्या चकचकीत फोटोवर आपलेच डोके दिसते. फोटोत कोण कोण आहे ते तेव्हाच, पेन्सिलीने, मागच्या बाजूला लिहून घ्या. पेन नको, शाई पुढे उमटते. एकेचाळीस फोटो मिळाले. त्यातल्या सहांमध्ये भाईंचा चेहराच नाही, हवेत झेप घेतलेली पाठ तेवढी आहे.

मग जन्मतारीख. क्लबाच्या जुन्या रजिस्टरात 1955, शाळेच्या दाखल्यावर 1954, आणि वहिनी म्हणाल्या 1953. ज्युनियर स्पर्धेसाठी मुलांची वये खाली आणायची रीत तेव्हाही होती, हे उघड गुपित. शेवटी घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेत जन्मनोंदीचा उतारा सापडला, अख्खा पोर्तुगीजमध्ये, तारीखही अक्षरांत. गोवा मुक्त व्हायच्या आधीच्या नोंदी तशाच असतात. वाड्यावरच्या पोर्तुगीज जाणणाऱ्या एका निवृत्त मास्तरांनी चष्मा पुसत वाचून दाखवले : सोळा मार्च, एकोणीसशे त्रेपन्न. म्हणजे वहिनी बरोबर. चौदा वर्षांखालील ज्या स्पर्धेत भाईंना उत्कृष्ट गोलकीपरचे बक्षीस मिळाले होते, तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. तो चषक आम्ही प्रदर्शनात ठेवला. वय लिहिले नाही.

आता मुख्य गोष्ट, पेनल्टीची.

आमच्या गावात भाईंची एक पेनल्टी प्रसिद्ध आहे. शेजारच्या गावाच्या मैदानावर आंतरगाव स्पर्धेचा अंतिम सामना, धो धो पाऊस, शेवटची मिनिटे, आणि भाईंनी चिखलात झेप घेऊन पेनल्टी अडवली. त्या एका झेपेने करंडक आला. ही गोष्ट मी इतक्या जणांकडून ऐकली होती की तो सामना मी पाहिलेला नाही, हे मला मुद्दाम आठवावे लागते. प्रदर्शनाचा मधला बोर्ड त्याच सामन्याचा करायचे ठरले. पण साल? कोणी म्हणाला 1977, कोणी 1981. कोणी 1-0, कोणी 2-1. एकाने तर भाईंनी दोन पेनल्टी अडवल्याचे शपथेवर सांगितले.

इथे एक चूक आमच्याकडून झाली ती सांगतो. आठवणी गोळा करायला आम्ही जुन्या खेळाडूंना एकत्र बसवले. चहा आला, भजी आली, आणि ज्याचा आवाज मोठा त्याची आठवण सगळ्यांची झाली. अर्ध्या तासात सहा जणांनी माना डोलावून 1977 नक्की केले. नंतर एकेकाच्या घरी जाऊन वेगवेगळे विचारले तेव्हा तिघांनी दबक्या आवाजात सांगितले की 77 नव्हे. तेव्हा रेकॉर्डिंग करायचे तर एकेकट्याचे करा. त्यांच्या घरी, त्यांच्या वेळेला, आणि शक्यतो दुपारच्या झोपेनंतर.

खरा धागा दिला वहिनींनी. ‘त्या पावसात माझी थोरली पोटात होती. हे चिखलाने भरून आले आणि मला वाकून कपडे धुता येईनात.’ थोरलीचा जन्म ऑक्टोबर 1979 चा.

8 ऑक्टोबरला रजा टाकून मी पणजीला गेलो. पाट्टोवरचे कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय कदंब बसस्थानकापासून चालत जाण्याइतके जवळ आहे, गाडी नेऊन पार्किंग शोधत बसू नका. 1832 पासूनचे हे ग्रंथालय, पण मी पंचेचाळिशी ओलांडेपर्यंत तिथे पाऊल टाकले नव्हते, हेही कबूल करतो. जुन्या वर्तमानपत्रांसाठी काय हवे ते नेमके सांगावे लागते : कोणते दैनिक, कोणते साल, कोणता महिना. ‘ऐंशीच्या आसपासचे’ असे सांगून भागत नाही. मी जुलै ते सप्टेंबर 1979 सांगितले. पहिला दिवस ‘गोमन्तक’मध्ये गेला. क्रीडा पानावर क्रिकेट, हॉकी, मडगाव-वास्कोचे फुटबॉल, आमच्या बाजूचे काही नाही. शिवाय मी दर दहा मिनिटांनी भलतेच वाचत बसायचो, सिनेमाच्या जाहिराती, तांदळाचे भाव. दुसरी फेरी 15 तारखेला, तीही रिकामी. संध्याकाळच्या बसमध्ये वाटले, हे आपण कशाला करतोय? लोकांना गोष्ट माहीत आहे, बोर्डावर गोष्ट लिहावी आणि मोकळे व्हावे.

तिसरी फेरी 23 ऑक्टोबरची. जेवणाच्या आधी एका दैनिकाच्या ऑगस्ट महिन्यात, शेवटच्या पानाच्या तळाशी, एका बोटाएवढी बातमी सापडली. स्पर्धेचे नाव तेच. गाव तेच. मैदान निसरडे झाल्याचा उल्लेखही होता. आणि आम्ही 1-2 असे हरलो होतो. पेनल्टी भाईंनी अडवली होती हे खरे, पण परत आलेल्या चेंडूवर त्याच खेळाडूने गोल केला होता. तोच विजयी गोल.

मी ते तीनदा वाचले. शेजारच्या खुर्चीवर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी माझ्याकडे बघू लागली, म्हणजे मी तोंडाने काहीतरी आवाज केला असणार. प्रतीसाठी रीतसर विनंती केली, प्रत घेतली, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली आणि बसस्थानकावर चहा घेतला. दोन चहा घेतले.

समितीच्या बैठकीत त्या कागदावरून अडीच तास भांडण झाले. एकाचे म्हणणे, पेपरवाल्याने चुकीचे छापले. दुसऱ्याचे म्हणणे, खरे असले तरी मेलेल्या माणसाचा पराभव कशाला टांगायचा. मला दोन्ही पटत होते आणि दोन्ही पटत नव्हते. पंचेचाळीस वर्षे गावाने जपलेली गोष्ट मी एका झेरॉक्सने खोटी पाडायला निघालो होतो, हे मलाही खटकत होते. शेवटी म्हटले, वहिनींना विचारू. त्यांनी कागद हातात घेतला, वाचला नाही, परत दिला. ‘रिबाउंड ना? हे रात्री झोपेतसुद्धा सांगायचे. दोन्ही मुठींनी बाहेर फटकावायला हवा होता, मी पकडायला गेलो, म्हणायचे. गावाला कोणी सांगितले जिंकले म्हणून?’

बातमीची प्रत मोठी करून मधल्या बोर्डावर लावायची, खाली वहिनींचे हे शब्द, असे ठरले. समितीतल्या एकाने राजीनामा दिला. आठ दिवसांनी जेवणाची व्यवस्था कोण बघणार असा प्रश्न आला तेव्हा परत आला.

परवान्यांचे थोडक्यात. मैदानाची जमीन कोमुनिदादची, म्हणजे गावाच्या जुन्या सामाईक जमीनसंस्थेची, देखभाल पंचायतीची, त्यामुळे पंचायतीचा ना हरकत दाखला लागतो. आम्ही 28 ऑक्टोबरला अर्ज दिला. तो पंधरवड्याच्या बैठकीत येतो, एक बैठक दिवाळीत वाहून गेली, दाखला मिळाला 18 नोव्हेंबरला. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्या. आम्ही मारून घेतला म्हणून वाचलो, कारण मूळ अर्ज मध्येच गायब झाला होता. तारीख आधी 15 डिसेंबर ठरली होती. पोलिस बंदोबस्तासाठी गेलो तर कळले की सगळे मनुष्यबळ जुन्या गोव्यात. सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर दहा वर्षांनी होणारे प्रदर्शन 21 नोव्हेंबर ते 5 जानेवारी असे चालू होते. गावच्या सामन्याला दोन शिपाई मागायलाही आम्हाला लाज वाटली. तारीख पुढे ढकलून 12 जानेवारी केली. गोव्यात काहीही ठरवताना आधी पंचांग बघा, मग चर्चची फेस्तं, मग गावची जत्रा, आणि उरलेल्या रविवारात भागवा.

लाउडस्पीकरचा परवाना वेगळा. रात्री दहानंतर तो लावता येत नाही हे सगळ्यांना माहीत असते. दिवसा लावायलाही लेखी परवानगी लागते, हे आम्हाला नव्हते. तो अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर आणि तिथून अभिप्रायासाठी तिसऱ्या कार्यालयात गेला. 10 जानेवारीला, शुक्रवारी, पावणेपाचला हातात पडला. शनिवारी कार्यालय बंद. त्या आठवड्यात मी बँकेत दोन व्हाउचर चुकवली.

अ‍ॅम्ब्युलन्सवरून काटकसर करायचा विषय निघाला होता. खासगी अ‍ॅम्ब्युलन्स दुपारपुरती साडेतीन हजार रुपये मागत होती, आणि ‘म्हाताऱ्यांचा प्रदर्शनी सामना, कोणाला काय होतंय’ असे एक जण बोलून गेला. त्यावर आमच्यातला धेंपो या गोव्याच्या फुटबॉल क्लबाचा जुना पाठीराखा भडकला. 5 डिसेंबर 2004, बेंगळुरूचे कांतीरवा स्टेडियम, फेडरेशन कप अंतिम सामना. धेंपोचा ब्राझिलियन स्ट्रायकर क्रिस्तियानो ज्युनियर याने मोहन बागानविरुद्ध दुसरा गोल केला, गोलकीपरशी टक्कर होऊन कोसळला, आणि पुन्हा उठला नाही. धेंपो 2-0 ने जिंकले, दोन्ही गोल त्याचे. क्लबाने त्याची 10 नंबरची जर्सी कायमची बाजूला ठेवली. ‘मी टीव्हीवर बघत होतो. गोल झाला म्हणून उड्या मारत होतो,’ तो म्हणाला. ‘म्हातारे आहेत म्हणूनच अ‍ॅम्ब्युलन्स हवी.’ साडेतीन हजार मंजूर झाले. मी सांगेन, हा खर्च पहिल्यांदा लिहा, चहा-पावभाजीचा शेवटी.

एकूण खर्च 29,500 रुपये. त्यात 14 बोर्डांचे 6,300, माईकचे 4,000, पंच आणि लाइनमनचे मानधन 3,200. खाण्याचे 7,400, कारण अंदाज दीडशे माणसांचा होता आणि आली तीनशेच्या वर. वर्गणी जमली 31,720. पावतीपुस्तक छापून घ्या, पन्नास रुपये देणाऱ्यालाही पावती द्या, गावात पुढची दहा वर्षे सुखाने फिरता येते.

12 जानेवारी. सकाळी चुन्याच्या रेषा मारल्या. एक टचलाइन जराशी वाकडी गेली, ती तशीच ठेवली. दुपारी साडेतीनला सभागृह उघडले. लोक मधल्या बोर्डासमोर थांबायचे, वाचायचे, पुन्हा वाचायचे. काहींनी मला कोपऱ्यात घेऊन विचारले, ‘हे खरे?’ मी खिशातली प्रत दाखवायचो. एक आजोबा सगळे वाचून झाल्यावर म्हणाले, ‘ते काही असो, आम्ही जिंकलो होतो,’ आणि चहाकडे वळले.

साडेचारला मैदानावर दोन्ही संघ उभे राहिले. आम्ही आणि तेच शेजारचे गाव, पस्तिशीच्या वरचे. एक मिनिट शांतता. तीनशे माणसे, पोरेसुद्धा गप्प. चाळीसएक सेकंद झाले असतील, आणि रस्त्यावरून पदेर, म्हणजे पाववाला, आला. पों पों, पों पों. संध्याकाळचे उंडे घेऊन. त्याला काय माहीत. एका बाईला हसू फुटले, तिच्या शेजारणीला फुटले, आणि मग पंचांसकट सगळे मैदान हसले. वहिनी पहिल्या रांगेत होत्या, त्यांनी पदर तोंडावर धरला होता. भाई सराव मध्येच थांबवून पदेराला हाक मारायचे, हे तिथल्या निम्म्या माणसांना ठाऊक होते.

सामना 1-1 सुटला. खेळ फारसा सांगण्यासारखा नव्हता. मध्यंतरालाच दोघांनी पोटऱ्या धरल्या, अ‍ॅम्ब्युलन्सच्या मुलाने फवारा मारला. पेनल्टी मिळाली नाही.

सामना संपल्यावर मी बोर्ड उतरवायला सभागृहात गेलो तर मधल्या बोर्डासमोर शेजारच्या गावचे एक गृहस्थ एकटेच उभे होते. सत्तरीचे, हातात काठी. त्यांच्या मुलाने सांगितले, ‘तो गोल बाबांचा.’ मला काय बोलावे कळेना. मी खुर्ची पुढे केली, ते बसले नाहीत. बातमी त्यांनी बोट फिरवत शेवटपर्यंत वाचली. शेजारी आम्ही त्या मैदानाचा हाताने काढलेला नकाशा लावला होता, भाई कुठल्या गोलात उभे होते ते दाखवणारा. त्यावर त्यांचे बोट थांबले.

‘देवळाच्या बाजूचो गोल न्हय,’ ते म्हणाले. ‘नाल्याच्या बाजूचो. म्हाका वारो तोंडार येतालो.’

त्यांनी पेन्सिल मागितली. फोटोंवर नावे लिहायची ती माझ्या खिशात होती, दिली. त्यांनी नकाशावरचा आमचा बाण खोडला, दुसऱ्या टोकाला थरथरत्या हाताने नवा काढला, खाली सही केली आणि पेन्सिल परत दिली. समितीतले दोघे अजूनही म्हणतात, गोल देवळाच्या बाजूचाच होता.